सकाळचा आंकडा

पुण्याच्या पश्चिमेस ज्या टेकड्या आहेत, त्यांपैकीं एकीवर रोज पहाटे आम्ही चौघेजण भेटतों. सारे पन्नाशी ओलांडलेले. एक बँकेंतून निवृत्त झालेले, एक वकील, एक छापखान्याचे मालक, आणि प्रस्तुत लेखक महाविद्यालयांत इतिहास शिकविणारा. भेट होतांच, रामराम घालण्याच्याहि आधीं, आमच्यांत एक एक आंकडा उच्चारला जातो. ‘१२८.’ ‘१४१.’ ‘माझा १६३; काल मुंजीचें जेवण होतें.’ एकदां वाटेनें धांवत जाणारा एक तरुण हें ऐकून थबकला, आणि ‘काका, कोणत्या कंपनीचा भाव?’ असें त्यानें मोठ्या अदबीनें विचारलें. वकीलसाहेब म्हणाले, ‘बाबा रे, ही कंपनी ज्याची त्याची स्वतःची, आणि हिचा भाव जितका उतरेल तितका आम्हांला आनंद!’

रात्रभर उपाशी राहिल्यावर, सकाळीं तोंडांत कांहींहि घालण्यापूर्वीं, बोटाच्या टोंकास सुई टोंचून काढलेल्या थेंबावरून शंभर घनसेंटिमीटर रक्तामागें साखर किती मिलिग्रॅम आहे तें सांगणारा हा आंकडा. तो आम्ही एकमेकांस इतक्या सहजपणें सांगतों कीं, जणूं माणसें हें अनादिकालापासून करीत आलीं आहेत. परंतु इतिहास शिकविणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. जी गोष्ट सर्वांना सहज वाटते तिचा जन्म केव्हां झाला, हें विचारल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. रोग फार पुरातन आहे. पण त्याचा आंकडा रोग्याच्या स्वतःच्या हातीं येऊन जेमतेम अर्धें शतक झालें आहे. आणि तो हातीं आल्यावर दुसऱ्यास खरा सांगावयाचा, ही तर त्याहूनहि अवघड गोष्ट. या लेखांत मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आपल्याकडे या व्याधीचें ज्ञान किती जुनें आहे हें वैद्यकाचा परिचय नसलेल्या वाचकांसहि ठाऊक असेल. आयुर्वेदांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत. कफाचे दहा, पित्ताचे सहा व वाताचे चार. आणि त्या शेवटच्या चारांत मधुमेह. चरकसंहितेच्या निदानस्थानांत भावी प्रमेहाच्या पूर्वचिन्हांमध्यें रोग्याच्या मूत्राकडे मुंग्यांचें जाणें नमूद आहे. सुश्रुतानें जन्मतः होणारा व अपथ्यानें होणारा असे दोन भेद केले, व त्यांतला पहिला कृश माणसास आणि दुसरा स्थूल माणसास जडतो, हेंहि सांगितलें. त्याचा निर्धन रोग्यास दिलेला सल्ला मला विशेष प्रिय आहे: पायांत वहाण नाहीं, डोक्यावर छत्र नाहीं, अशा स्थितींत भिक्षा मागत मुनीप्रमाणें शंभर योजनें चालत जावें! आमच्या डॉक्टरांनीं सांगितलेले रोजचे चार किलोमीटर हे त्या मानानें फारच सवलतीचे म्हणावयाचे.

या प्राचीन निदानांत एक गंमत आहे. मुंग्या वैद्याला जें सांगत तें साऱ्या घराला दिसत असे. मोरीकडे लागलेली रांग सासू पाही, सून पाही, शेजारीण पाही. आपल्या रोगाची वार्ता रोग्यास विचारल्यावांचून चारचौघांत फोडणारी ही पहिली यंत्रणा होय. युरोपांत तेंच काम वैद्याच्या जिभेला करावें लागलें. लंडनच्या टॉमस विलिसनें १६७४ मध्यें मूत्र मधासारखें किंवा साखरेसारखें गोड लागतें असें लिहिलें. पुढें शंभर वर्षांनीं लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसननें एका रोग्याचें मूत्र आटवून पाहिलें, तों भांड्याच्या तळाशीं साखरेसारखी पांढरी वडी उरली. रक्तांतला पातळ अंशहि गोडसर लागतो हें त्यानें पाहिलें, व १७७६ मध्यें तें प्रसिद्ध केलें. साखर मूत्रपिंडांत तयार होत नसून ती रक्तांतूनच येते, या विचारास येथें प्रारंभ झाला. तथापि या साऱ्या कथेंत रोग्याचें काम एकच: भांडें भरून देणें. त्यांत काय निघालें हें जाणण्याचा अधिकार वैद्याचा.

आतां, सकाळचाच आंकडा कां? जेवणानंतर साखर वाढते हें समजण्यासारखें आहे. परंतु रात्रीं नऊ वाजतां दोन भाकऱ्या खाऊन झोंपलेल्या माणसाची साखर सकाळीं सहाला झोंपतांना होती त्याहून अधिक कां भरावी? आमच्या बँकवाल्या मित्रांना हा आपल्यावरील अन्याय वाटतो. ‘रात्रभर खातेंच उघडलें नाहीं, मग व्याज कसलें लागलें?’ हा त्यांचा रोजचा प्रश्न. याचें उत्तर पॅरिसच्या क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत आहे. १८४८ च्या सुमारास त्याला असें आढळलें कीं, केवळ मांस खाऊं घातलेल्या, साखरेचा कणहि न दिलेल्या प्राण्याच्या यकृतांत साखर आहे. यकृत ती स्वतः तयार करून रक्तांत सोडतें. ज्या सांठ्यांतून ती निघते तो ग्लायकोजेन नांवाचा पदार्थ त्यानें १८५७ मध्यें वेगळा काढून दाखविला. उपासाच्या काळांत मेंदू जगवावयाचा तर कोणी तरी कोठार उघडें ठेवलें पाहिजे. तें काम यकृत रात्रभर करतें. निरोगी माणसांत इन्शुलीन त्याच्या हातावर हात ठेवून पुरे म्हणतें. मधुमेह्यांत हा हात दुबळा पडतो. त्यांतच पहाटे शरीर जागें होण्याच्या सुमारास जे अंतःस्राव वाढतात ते यकृतास आणखी घाई करतात. पहाटेच्या या चढास १९८१ मध्यें इंग्रजींत ‘डॉन फेनॉमेनन’ हें जवळ जवळ काव्यमय वाटणारें नांव मिळालें. तात्पर्य, सकाळचा आंकडा हा कालच्या पानांतला जमाखर्च नव्हे. शरीर रात्रीं एकटें असतांना काय करीत होतें त्याची ती बातमी आहे. मुंजीच्या जेवणावर सारा दोष ढकलणें सोयीचें असतें, एवढेंच.

माझ्या बालपणीं हा आंकडा नव्हता, रंग होता. साताऱ्यास आमच्या आजोबांच्या खोलींतल्या फडताळांत निळ्या द्रवाची एक बाटली, एक परीक्षानळी, लांकडी चिमटा व स्पिरिटचा दिवा असे. स्टॅन्ले बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सिद्ध केलेलें तें मोरचुदाचें द्रावण. त्यांतले पांच घनसेंटिमीटर घ्यावे, आठ थेंब मूत्राचे घालावे, उकळावें. निळें राहिलें तर साखर नाहीं. मग हिरवें, पिंवळें, नारिंगी, आणि शेवटीं विटेसारखें लाल. आम्हां मुलांना तो जादूचा प्रयोग वाटे. माजघरांतून आजी विचारी, ‘अहो, आज काय रंग?’ आणि आजोबा उत्तर देत, ‘निळा.’ एकदां मी दाराशीं उभा होतों. नळी चांगली नारिंगी झालेली मीं पाहिली. आजोबांनीं ती मोरींत ओतली, तांब्याभर पाणी टाकलें, आणि नेहमींच्या आवाजांत ‘निळा’ म्हणून सांगितलें. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आजीला सांगूं नकोस हं.’ मीं सांगितलें नाहीं. त्या वेळीं मी सात वर्षांचा होतों, व मोठ्या माणसाचें गुपित आपल्याला कळलें याचा मला अभिमान वाटला होता. पुढें आजोबांच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला, आणि शेवटचीं दोन वर्षें त्यांना वर्तमानपत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावें लागलें.

न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, निळा रंग खरा असला तरी तो पुष्कळदां फसवाच असे. रक्तांतील साखर सुमारें १८० च्या वर गेल्यावांचून ती मूत्रांत उतरत नाहीं. म्हाताऱ्या माणसांत ही पायरी आणखी उंच जाते. शिवाय नळींत उतरलेलें मूत्र कित्येक तासांपूर्वींची हकीकत सांगतें. शिळें वर्तमानपत्र वाचून आजचा बाजार करावा, तसला तो प्रकार. पण त्या काळच्या रोग्याजवळ दुसरें होतें काय?

तरी त्या निळ्या बाटलीनें एक मोठी क्रांति केली: परीक्षा वैद्याच्या हातांतून घरांत आली. बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनीं रोग्यांसाठीं जें पुस्तक १९१८ मध्यें काढलें, त्याच्या नांवांतच तें डॉक्टर व रोगी यांच्या परस्पर उपयोगाकरितां असल्याचें म्हटलें होतें. ‘परस्पर’ हा शब्द त्या काळीं लहान नव्हता. रोग्यानें स्वतः मूत्र तपासावें, अन्न मोजावें, वहींत लिहावें, व ती वही घेऊन यावें, असा त्यांचा आग्रह असे. आज कोणत्याहि दवाखान्यांत मधुमेह्याच्या हातीं जी रकान्यांची वही देतात, तिच्या मुळाशीं त्यांच्यासारख्यांची ही शिकवण आहे. जॉस्लिन हे कडव्या शिस्तीचे गृहस्थ; रोग्याच्या वहींतून ते त्याच्या साखरेबरोबर त्याचें चारित्र्यहि वाचीत असावेत, असें त्यांचें लेखन वाचतांना मला वाटत आलें आहे. वही आणि शील यांची जी गांठ तेव्हां पडली ती अद्यापि सुटलेली नाहीं. आंकडा चांगला आला तर आपण म्हणतों, ‘आज मी चांगला वागलों’. जणूं यकृत ही आपली पुण्यकर्मांची वही आहे.

या गांठीचा फांस एका मुलीच्या आयुष्याला कसा बसला तें पाहण्यासारखें आहे. एलिझाबेथ ह्यूज हिचा जन्म १९०७ चा. तिचे वडील चार्लस इव्हॅन्स ह्यूज १९१६ मध्यें अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं उभे राहून थोडक्यांत हरले, व १९२१ पासून परराष्ट्रमंत्री होते. १९१९ मध्यें या मुलीस मधुमेह झाला. इन्शुलीन नव्हतें. डॉ. फ्रेडरिक ॲलन यांची उपासाची चिकित्सा हाच त्या काळचा एकमेव आधार: मूत्रांतली साखर जाईपर्यंत उपास, मग ती पुन्हां दिसणार नाहीं इतकेंच अन्न. प्रत्येक घांस तराजूंत घालून, प्रत्येक दिवसाचें मूत्र तपासून, ही मुलगी तीन वर्षें जिवंत राहिली. १९२२ च्या ऑगस्टमध्यें, पंधरावें वर्ष संपत आलें असतां, तिचें वजन ४५ पौंड होतें. म्हणजे वीस किलोच्या आसपास. त्याच वर्षाच्या जानेवारींत टोरोंटो येथें लेनर्ड टॉम्सन या मुलास इन्शुलीनचें पहिलें टोंचण दिलें गेलें होतें. १६ ऑगस्ट रोजीं डॉ. बँटिंग यांनीं एलिझाबेथला तपासलें व उपचार सुरू केले. टोरोंटोहून तिनें आईला जीं पत्रें लिहिलीं त्यांत अन्नाचा, वाढत्या वजनाचा व नव्या औषधाचा आनंद ओसंडून वाहतो. आपली प्रकृति दुसऱ्यास मोकळेपणानें सांगणाऱ्या रोग्याचा इतका निर्मळ आवाज मला दुसरीकडे क्वचितच भेटला आहे.

आणि तीच मुलगी पुढें गप्प झाली. ती शिकली, तिनें लग्न केलें, तिला तीन मुलें झालीं, समाजकार्यांत तिचें नांव झालें. परंतु आपल्याला मधुमेह आहे हें तिनें जवळच्या थोड्या माणसांखेरीज कोणासहि कळूं दिलें नाहीं. वडिलांच्या कागदपत्रांतून आपल्या रोगाचे उल्लेखहि तिनें काढून टाकविले. इन्शुलीनच्या शोधाचा इतिहास लिहिणारे मायकेल ब्लिस यांना ती जिवंत असल्याचा पत्ता लागला तेव्हां तिचें वय सत्तरीच्या पुढें होतें. १९८१ मध्यें ती वारली, तोंवर तिनें सुमारें बेचाळीस हजार टोंचणीं घेतलीं होतीं. तीं बहुतेक सारीं बंद दाराआड. तिला नांवें ठेवण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. उपासाच्या त्या तीन वर्षांत ती ‘रोगी मुलगी’ या एकाच नांवानें ओळखली गेली असेल. पुन्हां तें नांव नको, असें तिला वाटलें तर त्यांत नवल काय? ज्या समाजांत मुलीला साखर आहे म्हटल्यावर सोयरीक मोडते, त्या आपल्या समाजांतल्या माणसानें तर याविषयीं बोलूंच नये. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र फाडलेल्या कागदांची हळहळ वाटते, हें कबूल करतों.

याच्या अगदीं उलट टोंकाची गोष्ट लंडनची. डॉ. रॉबर्ट लॉरेन्स स्वतः मधुमेही. मरण समोर दिसत असतां फ्लॉरेन्समध्यें जाऊन राहिलेले. १९२३ मध्यें इन्शुलीन मिळाल्याची बातमी मित्राकडून येतांच ते मोटार हांकीत लंडनला परतले व पुढें पंचेचाळीस वर्षें जगले. सुप्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनाहि हा रोग होता. या दोघांच्या खटपटीनें १९३४ मध्यें मधुमेह्यांची एक संस्था निघाली. त्यासाठीं वेल्स यांनीं ‘टाइम्स’ पत्रांत जाहीर पत्र लिहून, आपल्याला मधुमेह आहे हें साऱ्या इंग्लंडला सांगितलें. रोग्यांनीं रोग्यांसाठीं एकत्र येण्याचा हा प्रघात पुढें देशोदेशीं गेला. आपल्याकडे डॉ. एस. एस. अजगांवकर यांच्या पुढाकारानें मुंबईंत १९५५ मध्यें मधुमेह्यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

परंतु रक्ताचा आंकडा अजून प्रयोगशाळेंतच होता. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेंतील एम्स कंपनीनें कागदाची एक पट्टी काढली. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब ठेवावयाचा, बरोबर एक मिनिट थांबावयाचें, पाण्यानें धुवावयाचें, आणि उमटलेला निळा रंग तक्त्याशीं ताडून पाहावयाचा. पुन्हां रंगच; पण या वेळीं रक्ताचा. या पट्टीचा रंग प्रकाशाच्या साहाय्यानें वाचून आंकडा दाखविणारें यंत्र त्याच कंपनीनें १९७० च्या सुमारास बाजारांत आणलें. वजन सुमारें तीन पौंड, किंमत साडेसहाशें डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टरांस व रुग्णालयांस. रात्रीं बेशुद्ध स्थितींत आणलेला मनुष्य दारू प्यालेला आहे कीं मधुमेहानें पडलेला आहे, हें प्रयोगशाळा बंद असतां ओळखावें, हा त्याचा एक मुख्य उपयोग सांगितला जाई. रोग्यानें तें घरीं ठेवावें ही कल्पना कोणाच्या स्वप्नांतहि नव्हती.

ती एका रोग्याच्या डोक्यांत आली. रिचर्ड बर्नस्टीन हे न्यूयॉर्कचे इंजिनियर. बाराव्या वर्षापासून मधुमेही, पस्तिशींतच मूत्रपिंडें बिघडूं लागलेलीं. त्यांनीं या यंत्राची जाहिरात वाचली. स्वतः डॉक्टर नसल्यामुळें त्यांना तें मिळेना. पत्नी डॉक्टर होती, तिच्या नांवावर मागविलें. मग दिवसांतून पांच-पांच वेळां ते बोट टोंचूं लागले. इंजिनियर माणूस, यंत्र कोठें बिघडतें तें पाहावयाचें तर मोजमाप वारंवार घेतलें पाहिजे, ही त्यांची साधी विचारसरणी. आपली साखर दिवसभरांत केवढे हेलकावे खाते हें पाहून ते थक्क झाले. त्यांनीं आहार व इन्शुलीन त्या आंकड्यांप्रमाणें बदललें, आणि प्रकृति सुधारत गेली. त्यांनीं हें लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठविलें. लेख परत आले. डॉक्टर नसलेल्या माणसाचें कोण ऐकतो? तेव्हां या गृहस्थांनीं इंजिनियरी सोडली, १९७९ मध्यें वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं वैद्यकीय महाविद्यालयांत नांव घातलें, आणि पदवी घेऊन ते आयुष्यभर मधुमेह्यांचे डॉक्टर म्हणून राहिले. त्यांनीं नव्वदी गांठली. त्यांचा आहाराविषयींचा हटवाद सर्वांस पटत नाहीं, मलाहि पटत नाहीं. भात अजिबात सोडण्याइतकें वैराग्य कोंकणांत आजोळ असलेल्या माणसास झेपणारें नाहीं. पण बोट टोंचतांना त्यांची आठवण मला पुष्कळदां होते.

त्यांचे लेख परत येत होते त्याच सुमारास, १९७८ मध्यें, लंडन व नॉटिंगहॅम येथील दोन निरनिराळ्या डॉक्टरमंडळांनीं ‘लॅन्सेट’मध्यें असें दाखवून दिलें कीं, सामान्य रोगी घरच्या घरीं रक्त तपासूं शकतात व त्यानें त्यांची साखर आटोक्यांत येते. दार उघडलें. यंत्रें लहान होत गेलीं, स्वस्त होत गेलीं, व पुढें पुण्याच्या पेठांतील औषधांच्या दुकानांतहि येऊन पोंचलीं.

दार उघडतांच आजोबांची मोरी पुन्हां पुढें आली. १९८४ मध्यें न्यूयॉर्कच्या कांहीं संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. रोग्यांना जीं यंत्रें दिलीं होतीं त्यांत प्रत्येक आंकडा आपोआप टिपून ठेवणारी सोय होती. ती असल्याचें रोग्यांना सांगितलेलें नव्हतें. मागाहून त्यांच्या वह्या व यंत्रांतील नोंदी ताडून पाहिल्या. कित्येकांनीं न घेतलेले आंकडे लिहिले होते, कित्येकांनीं घेतलेले गाळले होते, आणि वहीचें चित्र खऱ्याहून गोजिरें दिसावें इकडेच बहुतेकांचा कल होता. रोग्यांस अंधारांत ठेवून केलेला असला प्रयोग मला रुचत नाहीं. परंतु त्याचें फळ खोटें म्हणण्याचा अधिकार मला नाहीं. मला मधुमेह आहे असें कळल्यावर पहिल्या वर्षीं डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या रात्रीं मीं स्वतः वहींतले पंधरा दिवस एकाच बैठकींत, एकाच शाईनें भरले आहेत. १३४, १२९, १३७. मधूनच खरें वाटावें म्हणून एखादा १५२. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नक्कल ओळखण्यांत ज्याची हयात गेली, त्या माणसानें ही बनावट करतांना मनांत कांहींहि खळबळ होऊं दिली नाहीं, याचें मला आज आश्चर्य वाटतें. डॉक्टरांनीं वही चाळली, शाईकडे पाहिलें, व कांहीं न बोलतां तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी लिहून दिली. तांबड्या रक्तपेशींस चिकटलेली साखर मोजणारी ही परीक्षा शाईला भीत नाहीं.

त्या वेळीं मी खोटें कां लिहिलें? शिक्षेची भीति तर नव्हती. मला वाटतें, लाज होती. अंगानें मी पहिल्यापासून कृश; ‘तुम्हांला कसा झाला मधुमेह?’ हा प्रश्न जो तो विचारी, व मी जणूं चोरून पेढे खातों अशी त्यांत एक छटा असे. कृश दिसणाऱ्या हिंदी माणसाच्या देहांतहि चरबी बरीच दडलेली असते, हें पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासह २००४ मध्यें ‘लॅन्सेट’मध्यें मोठ्या खुबीनें मांडलें. दोघांचाहि उंचीवजनाचा मानांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, आणि याज्ञिकांच्या २१.२. शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या त्या दोन डॉक्टरांचें छायाचित्र मीं पाहिलें, आणि पहिल्यानेंच आपल्यावरील पेढ्यांचा आरोप उतरल्यासारखें वाटलें.

आतां वाचक विचारतील कीं, हा सारा खटाटोप करून लाभ किती? इन्शुलीन घेणाऱ्यांच्या बाबतींत शंका उरलेली नाहीं. अमेरिकेंत १९८३ ते १९९३ या काळांत १,४४१ रोग्यांवर झालेल्या अभ्यासांत, दिवसांतून चार वेळां तपासून कसोशीनें उपचार केल्यानें, ज्यांचे डोळे सुरुवातीस निर्दोष होते त्यांच्या दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका शेंकडा ७६ नीं घटला. मात्र साखर एकाएकीं उतरून होणारे अपघात तिप्पट झाले. आम्हां उतारवयांतल्यांचा अभ्यास विलायतेंतला. १९७७ मध्यें सुरू होऊन १९९८ मध्यें प्रसिद्ध झालेला, पांच हजारांवर रोग्यांचा. तेथें उपचाराचें लक्ष्य म्हणून जो आंकडा धरला होता तो नेमका सकाळचा उपाशीपोटींचा, १०८ च्या आंत. त्यांतहि डोळे व मूत्रपिंडें यांचे विकार सुमारें एक चतुर्थांशानें कमी झाले. उलट, केवळ गोळ्या घेणाऱ्यांनीं घरीं बोट टोंचण्यानें सरासरी साखरेंत लक्षांत घेण्याजोगा फरक पडत नाहीं, असें २००७ मध्यें इंग्लंडांत व २०१७ मध्यें अमेरिकेंत झालेल्या दोन चांगल्या अभ्यासांचें म्हणणें आहे. वकीलसाहेबांनीं हें वाचलें तेव्हां ते म्हणाले, ‘म्हणजे आपण चौघे उगीच रक्त सांडतों?’ यावर मला समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. आंकडा घेऊन त्यावर कांहीं केलें तरच त्याचा उपयोग. नुसता टिपून ठेवला तर ती दैनंदिनी. पण चारचौघांत तो रोज मोठ्यानें म्हणावा लागल्यास काय होतें, हें त्या अभ्यासांत कोणी मोजलेलें नव्हतें, एवढें मी त्यांना म्हणालों.

आमचे छापखानेवाले मित्र यांत पहिल्यापासून सर्वांच्या पुढें. त्यांचा आंकडा कधीं ११६, कधीं ११९. मुंज असो, दिवाळी असो, १२० च्या वर म्हणून नाहीं. आम्ही त्यांचें कौतुक करीत असूं. माझ्या मनांत वर्षभर एक किंतु होता; ज्यानें स्वतः एकाच शाईनें वही भरली आहे त्याला दुसऱ्याची शाई ओळखूं येते. पण हें विचारावयाचें कसें? साताऱ्याच्या त्या दाराशीं मी जसा उभा राहिलों होतों तसाच उभा राहिलों. पावसाळ्यानंतर ते तीन आठवडे आलेच नाहींत. आले ते पायांत चप्पल व डाव्या टांचेला पट्टी बांधून. आम्ही आपापले आंकडे सांगितले. ते खालीं पाहत म्हणाले, ‘२८७.’ मग थोड्या वेळानें, ‘आणि ते ११८ बिलकूल खरे नव्हते हो.’

कोणीं कांहीं बोललें नाहीं. वकीलसाहेबांनीं त्यांचा हात धरला, कारण पुढें उतार होता आणि रात्रींच्या पावसानें वाट निसरडी झाली होती. दुसऱ्या दिवशीं ते टेकडीवर आले नाहींत, डॉक्टरांनीं चालावयास मनाई केली होती. परंतु बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनीं बँकवाल्या मित्रांचा फोन वाजला, आणि पलीकडून नमस्कारावांचून आवाज आला, ‘२४१.’